बोलावणं येण्याआधी कागद तयार ठेवा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर आणि आसपासच्या गावांतून तुम्ही सगळ्या आलात. आज मी बचतीचा हिशेब सांगणार नाही. परदेशातल्या परिषदेला जायचं झालं तर काय लागतं, ते सांगणार आहे. हसू नका! "आपण कुठल्या जातोय परदेशात," असं मीही म्हणायचे. पण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिच्या संस्थापक चेतनाताई सिन्हा २०१८ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडला, दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या सभेत सहअध्यक्ष होत्या. म्हणजे बचत करणाऱ्या बायकांचं ऐकायला लोक बोलावतात.

मलाही एकदा बोलावणं आलं होतं. पापडाच्या धंद्यावर दहा मिनिटं बोलायचं, खर्च त्यांचा. पण माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पासबुकात नावापुढे 'बाई'. ते दुरुस्त करता करता परिषद होऊन गेली. आपल्या गटाची खुर्ची रिकामी राहिली. त्याची चुटपुट अजून आहे. तुमचं तसं होऊ नये म्हणून बोलते.

पहिलं काम नावाचं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा पासपोर्टचा नियम नाही. माहेरचं ठेवा नाहीतर सासरचं, पण आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासबुक सगळीकडे एकच ठेवा. जन्मतारीखही एकच.

दुसरं, पासपोर्ट. अर्ज ऑनलाइन भरायचा, सरकारच्याच संकेतस्थळावर. मोठ्या माणसाच्या साध्या छत्तीस पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, मुदत दहा वर्षं. तारीख मिळाली की मूळ कागद घेऊन केंद्रात जायचं. ठाण्याचं केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. फोटो तिथेच काढतात. मग पोलीस पडताळणी होते, म्हणून सध्या राहता तोच पत्ता लिहा. मधल्या माणसाला हजारो रुपये देऊ नका. फॉर्म भरायला आपली शिकलेली पोरं आहेत.

दहावी झाली नाही म्हणून घाबरू नका. पासपोर्ट मिळतो. त्यावर ईसीआर असा शेरा येतो, पण तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. परिषदेला जाणाऱ्या बाईला त्याची अडचण नाही.

तिसरं, व्हिसा. त्यासाठी बोलावणाऱ्यांकडून पत्र मागून घ्या. त्यात तुमचं पासपोर्टवरचं नाव, तारखा, ठिकाण आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट हवं. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी, पुष्कळ देश ते बघतात. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर विमानाने जायला मतदार ओळखपत्र चालतं. पण नुसत्या आधारवर आपल्या वयाच्या बाईला सोडत नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता प्रवास. हे माझ्या नणंदेकडून कळलं, ती लेकीकडे दुबईला जाऊन आली. तिकिटावर आधी विमानतळ बघा, कारण आता नवी मुंबईलाही विमानतळ झालाय. मुंबईच्या टर्मिनल दोनला जायचं तर बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, तिथे मेट्रो बदलली की पुढे टर्मिनलचंच स्टेशन. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं. मध्यरात्रीचं विमान असेल तर संध्याकाळीच निघा, रात्री उशिरा लोकल-मेट्रो मिळत नाही. आणि पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, ते आपण विसरलो नाही.

सामानात सुकं खोबरं घेऊ नका, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. लोणच्याची बरणी आणि कात्री हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच. पासपोर्टची एक झेरॉक्स बॅगेत आणि एक घरी ठेवा.

माझा पासपोर्ट मी नंतर काढला. अजून कोरा आहे, पण कपाटात तयार आहे. पुढचं बोलावणं तुमच्यापैकी कुणालाही येईल. म्हणून आज घरी गेलात की डबा उघडा, सगळे कागद पुढे मांडा आणि नाव ताडून बघा. पुढच्या सभेत मी प्रत्येकीला विचारणार आहे, "ताई, तुमचं नाव एक झालं का?"