फलाहाराचा आरंभ

(वर्धा जिल्ह्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



‘फराळ’ हा शब्द ‘फलाहारा’पासून आला. परंतु आपल्या उपवासाच्या ताटात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे असतात. फळ क्वचितच दिसते. फळ घरात येते ते आजाऱ्यासाठी किंवा देवापुढे ठेवण्यासाठी. याउलट, धान्य व दूध वर्ज्य करून केवळ फळांवर राहू इच्छिणारेही भेटतात आणि त्यासाठी गांधीजींचा दाखला देतात. तो दाखला पूर्ण पाहणे, विशेषतः सेवाग्रामच्या या जिल्ह्यात, आपले कर्तव्य आहे.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ 1910 साली टॉल्स्टॉय फार्म सुरू झाला. तेथे गांधीजी व त्यांचे सहकारी कॅलेनबाख यांनी फलाहार स्वीकारला. कच्चे भुईमुगाचे दाणे, केळी, खजूर, लिंबू व ऑलिव्हचे तेल हे त्यांचे अन्न होते. स्वस्तात स्वस्त फळांवर राहावे आणि गरिबातील गरिबाप्रमाणे जगावे, ही त्यामागील दृष्टी होती. हा प्रयोग काही वर्षे चालला.

परंतु 1918 मध्ये खेडा येथे ते आमांशाने अत्यंत अशक्त झाले आणि 1919 मध्ये त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले. पुढे आत्मकथेत त्यांनी आपल्या प्रयोगांवर विसंबून दूध सोडणाऱ्यांना सावध केले. स्वतःचा अनुभव अनुकूल नसेल किंवा जाणत्या वैद्याचा सल्ला नसेल, तर आग्रह धरू नये, असा त्याचा आशय आहे. सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, ते 1936 साली राहावयास आले. त्यानंतर 1942 मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तिकेत त्यांनी दूध, धान्य, पालेभाजी यांची रोजची मापे दिली. फळे मात्र रुचीप्रमाणे व ऐपतीप्रमाणे घ्यावीत, असे सांगितले. प्रयोगाचा आग्रह निवळून अनुभवाचे शहाणपण उरले, ते हे.

आजचे आहारशास्त्रही याच्याशी जुळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीसाठी दररोज 100 ग्रॅम फळे, 400 ग्रॅम भाज्या आणि त्यांच्या जोडीला धान्य, डाळी व दूध सुचविले आहे. केवळ फळांतून पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. बी-12 हे जीवनसत्त्व तर मिळतच नाही. म्हणून वाढत्या मुलांना व गर्भवती मातांना निव्वळ फलाहारावर ठेवणे अहिताचे होय. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून आहार बदलू नये.

मग आरंभ कसा करावा? रोज एका फळाने. ते ऋतूचे असावे, जवळचे असावे. पावसाच्या तोंडावर जांभूळ, पावसाळा सरताना सीताफळ, हिवाळ्यात पेरू, बोर, आवळा व संत्रे, उन्हाळ्यात आंबा; पपई व केळी बहुधा केव्हाही. फळ धुऊन, शक्यतो चावून खावे. गाळलेल्या रसात चोथा जातो. वरणभाजीवर लिंबू पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते. पहिल्या दिवसापासून भाकरी सोडण्याचे कारण नाही. चहाबरोबरच्या बिस्किटाची जागा फळाने घेतली तरी पुष्कळ झाले.

खरी खंत निराळीच आहे. आर्वी, आष्टी व कारंजा हे आपले संत्र्याचे तालुके. अनेक ठिकाणी झाडावरचा बहार उक्ता व्यापाऱ्याला दिला जातो. गाड्या भरून फळ बाहेर जाते आणि ते तोडणाऱ्या मजुराच्या मुलाला, कधी बगीचेवाल्याच्या मुलालाही, ते मिळतेच असे नाही. पैसा हवाच, पण सौदा करताना घरासाठी व मजुरांसाठी दोन झाडे राखून ठेवण्याची अट घालता येईल.

शिक्षकांनी शाळेच्या परसात पपई, पेरू व लिंबू लावावे आणि पहिले फळ मुलांच्या हाती द्यावे. पंचायत सदस्यांनी गावठाणात व रस्त्याकडेला जांभूळ, आवळा, कवठ यांची झाडे लावून तीन उन्हाळे त्यांना पाणी मिळेल, अशी व्यवस्था करावी. लावलेल्या झाडांची संख्या कागदावर राहते. जगलेल्या झाडाचे फळ मुलाच्या हाती पडते. त्या मुलाच्या हातातील फळापासूनच गावाच्या फलाहाराचा आरंभ व्हावा, एवढीच विनंती.