एका पाणबुडीचे सर्व्हिस बुक



मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण कारखान्याच्या गेटवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. बेटेगावच्या श्रोत्यांपुढे मी पगार, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. आज मी एका जर्मन पाणबुडीवर बोलणार आहे. विषय ऐकून आमचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, पाणबुडीला कुठे युनियन असते?" पाणबुडीला युनियन नसते हे खरे, पण तिलाही नोकरी असते, आणि नोकरी म्हटली की सर्व्हिस बुक आले. कामगाराचे सर्व्हिस बुक वाचण्यात माझी 30 वर्षे गेली आहेत. त्याच नजरेने हेही वाचू.

या पाणबुडीला नाव नव्हते, नंबर होता : यू-168. ती 10 सप्टेंबर 1942 रोजी जर्मन आरमारात रुजू झाली. लांबी सुमारे 77 मीटर, वजन पृष्ठभागावर अकराशे टनांच्या वर, आणि पोटात पन्नासएक माणसे. पाण्यावर ती डिझेल इंजिनावर चाले. पाण्याखाली इंजिनाला हवा नाही, म्हणून तेथे बॅटरीवरची विजेची मोटर. बॅटरी संपत आली की वर येऊन पुन्हा डिझेल लावायचे आणि ती भरून घ्यायची. म्हणजे ही मूळची पाण्यावर चालणारी बोट. वेळ आली की बुडी मारणारी. सावकाश चालली तर एका भरतीच्या तेलावर तेरा हजार सागरी मैलांहून अधिक जाई. म्हणूनच ती आपल्या दारापर्यंत येऊ शकली.

1943 च्या मध्याला अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्यांचा मोठा संहार होऊ लागला. तेव्हा काही पाणबुड्या हिंदी महासागराकडे काढण्यात आल्या. त्या तुकडीचे नाव होते 'मॉन्सून'. आपल्याकडच्या पावसाळ्यात समुद्र इतका खवळलेला असतो की शिकार साधत नाही. म्हणून पावसाळा सरता सरता पोचायचे, असा बेत. सातपाटीचा, मुरब्याचा, दांडीचा कोळीबांधव ज्या पंचांगाने होडी पाण्यात लोटतो, तेच पंचांग बर्लिनमध्ये उघडून बसले होते. फरक एवढाच, की आपला माणूस मासळीसाठी निघे आणि ते त्याच समुद्रात माणसांच्या जहाजांसाठी.

यू-168 जुलै 1943 च्या आरंभी फ्रान्समधल्या लोरियाँ बंदरातून निघाली. कप्तान हेल्मुट पिख. सोबतच्या अनेक पाणबुड्या वाटेतच बुडाल्या. सप्टेंबरात मॉरिशसच्या दक्षिणेला 'ब्राके' नावाच्या टँकरवरून उरलेल्यांनी तेल घेतले आणि त्या पांगल्या. कोणी ओमानच्या आखाताकडे गेली, कोणी आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे. यू-168 च्या वाट्याला मुंबई आली.

2 ऑक्टोबर 1943. गांधीजी त्या दिवशी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. त्या दिवशी मुंबईच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात, 'हायचिंग' नावाची 2,183 टनांची ब्रिटिश आगबोट या पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवली. मग याच दौऱ्यात तिने सहा शिडाची गलबते बुडवली. ती मात्र टॉर्पेडोने नव्हे, तोफेने. लाकडी गलबतावर टॉर्पेडो कोण खर्च करील? 11 नोव्हेंबरला ती जपान्यांच्या ताब्यातल्या पेनांगला पोचली.

पुढचा दौरा फेब्रुवारी 1944 मधला. 14 तारखेला 'सॅल्व्हायकिंग' हे बुडीत जहाजे वर काढणारे 1,440 टनांचे ब्रिटिश आरमारी जहाज तिनेच बुडवले. दुसऱ्या दिवशी 4,385 टनांची एक ग्रीक आगबोट. 21 ला 'फेन्रिस' हे नॉर्वेचे टँकर जखमी केले, पण ते निसटले. मार्चमध्ये इंग्रजांनी 'ब्राके'ला गाठले. तिचे खलाशी यू-168 ने उचलले, पण तेल गेले ते गेलेच. युरोपची वाट बंद झाली आणि ती जावाकडे परतली.

आता बंधुभगिनींनो, हिशेबाकडे वळू. कप्तानाच्या खात्यावर दोन व्यापारी जहाजे, 6,568 टन, अशी नोंद सापडते. आपण बेरीज करून पाहू. 2,183 अधिक 4,385 : बरोबर 6,568. आरमारी जहाज वेगळे धरले आहे. मग सहा गलबतांचे काय? त्यांचा वाटा शून्य. सहा सुकाणू, सहा शिडे, त्यांवर पाणी शेंदणारी, दोर ओढणारी, चुलीवर भात शिजवणारी माणसे. आणि टनांच्या बेरजेत त्यांच्यापायी एक आकडादेखील हललेला नाही.

ही बेरीज केली तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. आपल्याच भागातल्या एका कारखान्यात स्फोट झाला. गेलेल्यांत एक कंत्राटी पोरगा होता. हजेरीपटावर त्याचे नावच नव्हते. कचेरीतून उत्तर आले, असा कोणी माणूस येथे कामाला नव्हता. त्याची आई आमच्यापुढे बसून होती. ती रडत नव्हती, एवढेच विचारीत होती, "मग तो रोज डबा घेऊन जात कुठे होता?" शेवटी गेटसमोरच्या चहावाल्याची उधारीची वही कामी आली. तिच्यात अकरा महिने रोज त्याच्या नावावर एक चहा आणि एक पाव मांडलेला होता. त्या वहीवर आम्ही भांडलो आणि भरपाई मिळवली. तेव्हापासून मी कोणताही हिशेब वाचताना आधी विचारतो, यात कोण धरलेले नाही?

त्या काळी ब्रिटिश जहाजांच्या इंजिनखोलीत आणि डेकवर हजारो हिंदी खलाशी राबत होते. रत्नागिरीचे, गोव्याचे, सिल्हेटचे. गोऱ्या खलाशाच्या पावपट पगारही त्यांच्या हाती पडत नसे. 1939 साली युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या बंदरांत त्यांनी संप केले, कित्येक तुरुंगात गेले, आणि वाढ पदरात पाडून घेतली. त्या युद्धात सहा हजारांवर हिंदी खलाशी कामी आले. मुंबईत मशीद बंदरच्या नाविकगृहात त्यांच्या नावांची वही आहे. ज्याचे नाव हजेरीपटावर होते, त्याचे नाव मरणानंतर वहीत चढले. म्हणून मी पोरांना सांगतो, हजेरीपट ही कारकुनी बाब समजू नका.

पाणबुडीच्या सर्व्हिस बुकातले शेवटचे पान उरले. 6 ऑक्टोबर 1944 रोजी, जावाच्या समुद्रात, 'झ्वार्डव्हिश' या डच पाणबुडीने यू-168 ला टॉर्पेडो मारून बुडवले. 23 माणसे मेली, 27 वाचली. डच पाणबुडीत इतक्या कैद्यांना जागा कोठून असणार? कप्तान आणि इतर थोडेजण ठेवून घेतले, आणि बाकीच्यांना कोठे सोडले ठाऊक आहे? जवळच्या एका मच्छीमारी होडीवर. ज्या पाणबुडीने शिडाची गलबते तोफेने फोडली, तिच्या पोरांना शेवटी होडीवाल्याने किनारा दाखवला.

त्या जर्मन पोरांविषयी माझ्या मनात राग धरवत नाही. जर्मन पाणबुड्यांवरच्या दर चार माणसांत जवळजवळ तीन मेली. तीही हुकमाची ताबेदार माणसे होती, आणि कील शहराजवळच्या स्मारकावर त्यांची नावे कोरली आहेत. ती असावीत. माझे मागणे एवढेच, की सहा गलबतांनाही आपल्या मनात जागा असावी. येत्या नारळी पौर्णिमेला सातपाटीच्या किनाऱ्यावर नारळ सोडायला जाल, तेव्हा क्षणभर त्यांची आठवण करा. आणि उद्या सकाळी पाळीला जाल तेव्हा आपल्या शेजारच्या कंत्राटी माणसाला विचारा, तुझे नाव पटावर आहे ना?