विज्ञानकथा वाचकापर्यंत का पोहोचत नाही?

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



वाचनालयाच्या गौरवप्रसंगी एखाद्या उणिवेविषयी बोलणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु ती उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य ज्या थोड्या संस्थांपाशी आहे, त्यांपैकी आपली एक आहे, म्हणून हा विषय मी निवडला. मराठीत उत्तम विज्ञानकथा लिहिली गेली. ती वाचकाच्या हाती देणारी व्यवस्था मात्र आपण उभी केली नाही.

या वाङ्मयप्रकाराची परंपरा कालपरवाची नव्हे. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच आली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ते टोपणनाव डॉ. जयंत नारळीकरांचे होते. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनीही हा प्रकार समृद्ध केला. नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि मे २०२५ मध्ये निवर्तले. त्यांच्या कीर्तीमुळे त्यांची पुस्तके आजही मागितली जातात. इतरांचे काय?

विज्ञानकथा बहुधा प्रथम दिवाळी अंकात अवतरते. कार्तिक सरला की अंक रद्दीत जातो आणि कथाही त्याबरोबर नाहीशी होते. संग्रह निघालाच, तर आवृत्ती हजाराच्या आसपास प्रतींची. ती संपल्यावर पुनर्मुद्रणाचे धाडस क्वचितच होते. विक्रेता हे पुस्तक बालवाङ्मयात ठेवतो किंवा विज्ञानाच्या माहितीपर पुस्तकांत. कादंबरी शोधणाऱ्या प्रौढ वाचकाची नजर दोन्ही ठिकाणी पोहोचत नाही. केवळ प्रकाशकाला दोष देणे न्याय्य ठरणार नाही. मागणी दिसत नाही म्हणून तो छापत नाही, आणि पुस्तक दिसत नाही म्हणून वाचक मागत नाही.

महाराष्ट्राबाहेर ही अडचण दुणावते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याची कक्षा त्या राज्याच्या सीमेवर संपते. आपल्या बडोद्यात पुस्तक येते ते कोणी पुण्या-मुंबईहून आणले तर, किंवा टपालखर्च सोसून मागवले तर. परिणाम असा की, लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाईन’ ही कथा इथल्या मराठी घरातील मुलाला भेटलीच, तर ती नॅशनल बुक ट्रस्टच्या १९९३ च्या इंग्रजी संकलनात भेटण्याचा संभव अधिक. आपल्या भाषेत अवकाश, संगणक, जनुके यांविषयी कथा लिहिल्या जातात हे त्या मुलाला कळतच नाही. मराठी ही आजीच्या गोष्टींची भाषा, असे त्याने मानले, तर त्याला बोल कसा लावावा?

याच नगरीत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पोहोचवल्या. वाचक येईल म्हणून वाट न पाहता पुस्तकानेच त्याच्याकडे जावे, हा त्यामागील विचार होता. त्याच विचाराने तीन कामे आपल्याला करता येतील.

पहिले, देवघेव विभागासमोर ‘विज्ञानकथा’ अशी पाटी असलेले स्वतंत्र कपाट ठेवावे आणि बालविभागातील पुस्तकेही त्यात आणावीत. दुसरे, संग्रहातील जुन्या दिवाळी अंकांतील विज्ञानकथांची लेखकवार सूची करावी; जीर्ण म्हणून अंक बाद करण्यापूर्वी ती व्हायलाच हवी. तिसरे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील वाचनालयांशी मिळून मागणी नोंदवावी. पंचवीस वाचनालयांनी प्रत्येकी चार प्रतींची आगाऊ हमी दिली, तर शंभर प्रती होतात. हजाराच्या आवृत्तीचा दहावा हिस्सा छपाईपूर्वीच खपला, तर दुर्मीळ झालेले पुस्तक पुन्हा काढण्याचा विचार प्रकाशक निश्चित करील.

यासाठी मोठा निधी लागत नाही. सूचीला चार सुट्टीचे दिवस देणारे सभासद लागतात. त्या कामात माझे नाव प्रथम लिहून घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.