पामची कुंडी आणि घरातली मनी



आपल्या दिंडोरी तालुक्यात स्लॅबचं घर झालं की ओट्यावर दोन कुंड्या येतातच, आणि त्यातली एक बहुधा पामची. घरात मांजरही असतं. ते नसेल तर धान्याच्या कोठीवर उंदरांचं राज्य. मग मनीनं पामचं पान चावलं की जीव धास्तावतो. ते विषारी आहे का? कोणता पाम आहे, त्यावर ते ठरतं. नर्सरीत दोन अगदी वेगळी झाडं पाम म्हणूनच विकतात.

एक अरेका पाम. उसाच्या बेटासारखे त्याला पुष्कळ पिवळसर दांडे फुटतात, पानं मऊ आणि झुलती. मंगल कार्यालयाच्या दाराशी ठेवतात ना, तेच. हे मांजराला विषारी नाही. अमेरिकेत १८६६ पासून प्राण्यांसाठी काम करणारी एएसपीसीए ही संस्थाही ते बिनविषारीच सांगते. जास्त पानं खाल्ली तर मांजर ओकेल, पण ते गवत खाऊनही ओकतंच.

दुसरं सायकस, म्हणजे सागो पाम. नावात पाम असला तरी ते नारळ-सुपारीच्या कुळातलं नव्हेच. एकच जाड, खवल्यांचा बुंधा, मोठ्या अननसासारखा. डोक्यावर ताठ पानांचा गोल झुबका, आणि पानाचं टोक बोटाला टोचतं. याचं पान, मूळ, सगळं विषारी. बी तर सगळ्यात जास्त. मादी झाडाला शेंदरी बिया येतात. त्या पोरांच्या हातीही लागू देऊ नका. (आपला साबुदाणा याचा नसतो बरं का, तो टॅपिओकाच्या कंदाचा. उपवास निवांत करा.)

सायकसचं विष यकृतावर जातं. आधी ओकाऱ्या, लाळ, सुस्ती. मग दोन-तीन दिवसांत हिरड्या आणि डोळे पिवळे. त्यावर नेमका उतारा नाही, म्हणून पान किंवा बी चावताना दिसलं की लक्षणांची वाट न पाहता मांजर पशुवैद्यकाकडे न्यायचं. चावलेलं पान पिशवीत घालून सोबत न्या. मीठ-पाणी पाजून ओकायला लावू नका. तेवढं मीठच मांजराला बाधतं. कुठं न्यावं कळत नसेल तर पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा.

आता आपल्या द्राक्षपट्ट्यातली गोष्ट. बागेची फवारणी उरली की ती कुंडीत ओतायची सवय बऱ्याच घरी आहे. किडीसाठी दाणेदार औषधही टाकतात. मग अरेका पाम बिनविषारी असून काय उपयोग? कुंडीखालच्या बशीतलं पाणी मांजर पितं, मातीतून चाललेले पाय चाटतं. ओट्यावरच्या कुंडीत शेतातलं औषध नकोच.

मांजराला हिरवं चघळायला आवडतंच. नवरात्रात घटाला पेरतो तसे टोपलीत मूठभर गहू पेरा. आठवड्यात कोवळे कोंब वर येतात, आणि बऱ्याच मांजरी पाम सोडून तिकडे वळतात.

सायकस आधीच घरी असेल तर ते कुंपणाबाहेर, मांजर जाणार नाही अशा जागी हलवा. छाटलेली पानं मात्र शेळी-वासरापुढे टाकू नका, गुरांनाही त्याची बाधा होते. ती खड्ड्यात पुरून टाका.