विशेषतः, खास आणि केवळ



शासकीय मराठीचा विषय निघाला की आपण पारिभाषिक संज्ञांची चर्चा करतो. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, पुढे पदनामांचे आणि संज्ञांचे कोश सिद्ध झाले. संज्ञा अडली तर कोश उघडता येतो. वाक्यातील एखाद्या गोष्टीवर भर देणारे लहान शब्द मात्र कोणाला अडत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी कोश उघडला जात नाही आणि घोटाळा नेमका तेथेच होतो.

माझीच चूक सांगतो. एका योजनेच्या इंग्रजी मसुद्यात शेतकऱ्यांसाठी, ‘इस्पेशली’ अल्पभूधारकांसाठी, असे शब्द होते. मी घाईने ‘खास अल्पभूधारकांसाठी’ असे लिहिले. पत्रक गावोगावी गेले. थोडी अधिक जमीन असलेले एक वृद्ध शेतकरी ते वाचून अर्ज न करताच घरी परतले. योजना त्यांच्यासाठीही होती, हे त्यांना कळले तेव्हा मुदत संपली होती.

‘इस्पेशली’ आणि ‘स्पेशली’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आलेले आहेत. बोलण्यात इंग्रज माणूसही त्यांची सरमिसळ करतो. परंतु काटेकोर लेखनात भेद आहे. ‘इस्पेशली’ म्हणजे सर्वांमध्ये काहींवर अधिक भर. इतरांना तो वगळत नाही. त्याला ‘विशेषतः’ हा शब्द योग्य. ‘स्पेशली’ म्हणजे एका ठरावीक हेतूने, मुद्दाम. तेथे ‘खास’ शोभतो. ‘ओन्ली’ मात्र दार बंद करतो, तो ‘केवळ’. ‘पर्टिक्युलर्ली’ हा ‘इस्पेशली’च्या जवळचा, ‘इन पर्टिक्युलर’ बहुधा नामानंतर येऊन अनेकांतून एकाकडे बोट दाखवतो.

‘इन्डीड’ आणि ‘इन फॅक्ट’ यांचेही तसेच. पहिला शब्द आधीच्या विधानाला दुजोरा देतो : विहीर खोल आहे, खरोखरच खोल आहे. दुसरा बहुधा नवी माहिती आणतो, कधी आधीचा समज खोडतो : विहीर आटली असे म्हणतात, वस्तुतः तिला पाणी लागलेच नव्हते. चौकशीच्या अहवालात या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर दुजोऱ्याच्या जागी खंडन उभे राहील.

यावरून मराठी या बाबतीत दुबळी आहे असे कोणी समजू नये. इंग्रजीला जेथे आवाजाचा आघात किंवा वेगळा शब्द लागतो, तेथे आपले एक ‘च’ पुरते. ‘शिक्षकांनीच अर्ज करावा’, ‘शिक्षकांनी अर्जच करावा’, ‘शिक्षकांनी अर्ज करावाच’ ही तीन वाक्ये म्हणजे तीन वेगळे आदेश आहेत. पहिले इतरांना वगळते, दुसरे अन्य मार्ग बंद करते, तिसरे सक्ती करते. शिक्षकबंधूंनी वर्गात ‘च’ची जागा बदलून मुलांना अर्थ विचारावा, व्याकरणाचा तास आपोआप रंगेल.

अनुवाद पूर्ण झाल्यावर प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे वाक्य वाचून कोण आत येईल आणि कोण दारातून परत जाईल? ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लावणाऱ्या सदस्यांनीही तो विचारावा. सूचना वाचणाऱ्याजवळ मूळ इंग्रजी मसुदा नसतो. त्याच्यासाठी आपण लिहिलेला शब्द हाच शासनाचा शब्द असतो.