भीमेच्या पाण्याचा जमाखर्च



पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या उतारूंस भिगवणच्या आसपास जो अफाट जलाशय दिसतो, तो उजनी धरणाचा फुगवटा होय. धरण स्वतः बरेंच खालीं, सोलापूर जिल्ह्यांतील माढें तालुक्यांत आहे. तें १९८० सालीं पुरें झालें. हिवाळ्यांत या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, काठच्या कोळ्यांची मासळी भिगवणच्या बाजारांत येते, आणि इंदापूर तालुक्यांतील पुष्कळसा ऊंस याच पाण्यावर उभा राहतो. पाहणारास वाटावें, येथें पाण्याला काय तोटा! पण या पाण्याचे वांटेकरी किती, आणि त्याचा हिशेब ठेवावयाचा कसा, या प्रश्नाकडे आज आपलें लक्ष वेधावयाचें आहे.

प्रथम शिल्लक पाहूं. उजनींत एकंदर सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांतील सुमारें ५३.५ अब्ज घनफुटांस उपयुक्त साठा व उरलेल्या ६३.५ अब्ज घनफुटांस मृत साठा म्हणतात. उपयुक्त साठा सरला कीं धरण ‘उणें’ झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊं लागतात. २०२४ च्या जून महिन्याच्या आरंभीं तो आंकडा जवळजवळ उणें ६० टक्क्यांवर गेला होता. नांव मृत खरें. पण अशा उन्हाळ्यांत भिगवणच्या शेतकऱ्याचा पंप आणि कोळ्याचें जाळें हीं दोन्ही त्याच साठ्यावर जगतात.

आतां जमेची बाजू. कुकडी, घोड, भामा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा या नद्यांचें पाणी भीमेंतून येथें येतें; पण तें सरळ येत नाहीं. मुठेचें पाणी आधीं पुणें शहर पितें. मुळशीस अडविलेलें मुळेचें पाणी टाटांच्या वीजघरासाठीं सह्याद्रि उतरून कोंकणांत जातें. कुकडीचें पाणी कालव्यांनीं दूरदूरच्या शेतांत पसरतें. आणि धरणाच्या खालीं सोलापूर व पंढरपूर आपल्या वांट्याची वाट पाहत असतात.

इतक्या गुंतागुंतीचा हिशेब नुसत्या वहीवर पुरा होत नाहीं. १९१६ सालीं मुंबई सरकारनें स्थापिलेली जी जलसंशोधन संस्था आज खडकवासल्यास आहे, तेथें नद्यांच्या व धरणांच्या लहान प्रतिकृति बांधून त्यांतून पाणी सोडून पाहतात. संगणकांत अशीच प्रतिकृति विटा-सिमेंटाऐवजीं आंकड्यांनीं बांधली जाते. खोऱ्याचे लहान लहान तुकडे पाडावयाचे. प्रत्येकाचा उतार, माती व पीक नोंदवावयाचें. मग पडलेल्या पावसांतला किती मुरला, किती वाफ होऊन उडाला, किती ओढ्यास मिळाला, हें यंत्राकडून मांडून घ्यावयाचें. त्यावर धरणांचे दरवाजे, कालवे आणि शहरांची तहान चढवावयाची. आलेलें उत्तर दौंडपाशीं प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाशीं ताडून पाहावयाचें. पुष्कळ वर्षांचे आंकडे जुळले, तरच पुढच्या प्रश्नास त्या प्रतिकृतीचें उत्तर विश्वासानें घ्यावयाचें.

असें काम आपल्याकडे झालेलें आहे. भारत सरकारच्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यांत, २००६ ते २०१४ या काळांत, रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेनें डेन्मार्कमधील एका संस्थेच्या साह्यानें पाण्याच्या नियोजनाचें एक साधन तयार केलें. महाराष्ट्रांत त्याच्या प्रयोगासाठीं उजनीपर्यंतचें भीमेचें खोरेंच निवडलें गेलें. याच काळांत राज्याच्या जलसंपदा विभागानें कृष्णा व भीमा या खोऱ्यांसाठीं पूर आधीं ओळखण्याची योजनाहि उभी केली. तींत पावसाचे व पातळीचे आंकडे यंत्रें आपोआप पाठवितात. आषाढींत चंद्रभागेच्या वाळवंटांत लाखों वारकरी असतां वरून सोडलेलें पाणी तेथें केव्हां पोंचेल, हें आधीं कळणें केवढ्या मोलाचें आहे, हें सांगावयास नको. या कामास पैसा लागला तो जागतिक बँकेच्या कर्जाचा. त्याची फेड सरकारी खजिन्यांतून, म्हणजे आपणां सर्वांच्या करांतून.

पण पुरापेक्षां अवघड प्रश्न वांटणीचा. २०२१ च्या एप्रिल महिन्यांत, पुणें शहराच्या सांडपाण्याच्या रूपानें उजनींत उतरणारें ५ अब्ज घनफूट पाणी उचलून इंदापूर तालुक्यास देण्याच्या योजनेच्या सर्वेक्षणास सरकारनें मान्यता दिली. सोलापूर जिल्ह्यांत मोठा क्षोभ उसळला आणि मे महिन्यांत तो आदेश रद्द झाला. एका बाजूचें म्हणणें, हें पाणी जादा आहे. दुसरीचें म्हणणें, तें आमच्याच वांट्यांतलें. वास्तविक यांत तपासावयाची गोष्ट एकच: हें पाणी जमेस एकदां धरलें आहे कीं दोनदां? सांडपाणी म्हणजे पुण्यानें वरच्या धरणांतून घेतलेलेंच पाणी. तें उजनीच्या जमेंत आधींच धरलेलें असेल, तर तें वेगळें काढून पुन्हां कोणास देतां येत नाहीं. धरलेलें नसेल, तर गोष्ट निराळी. हा प्रश्न मोर्च्यानें सुटणारा नाहीं. आंकड्यांच्या प्रतिकृतीस मात्र तो विचारतां येतो.

तरीहि दोन गोष्टी ध्यानांत ठेवावयास हव्यात. पहिली, जमाखर्चांत जें लिहिलें नाहीं तें यंत्रासहि दिसत नाहीं. फुगवट्याच्या कांठीं उपसलेलें पाणी, तळाशीं बसलेला गाळ, उन्हानें उडालेली वाफ यांची मोजदाद जितकी कच्ची, तितकें उत्तरहि कच्चें. दुसरी, ही प्रतिकृति हिशेबनीस आहे, न्यायाधीश नव्हे. उंसास किती व माणसास किती, हें ठरविणें लोकांचें आणि त्यांच्या प्रतिनिधींचें काम आहे.

म्हणूनच हा हिशेब कचेरींत कुलूपबंद असून भागणार नाहीं. अमेरिकेच्या लष्करी इंजिनियरांनीं १९६४ सालीं नदीशास्त्राच्या गणितासाठीं एक केंद्र काढलें. सरकारी पैशानें तेथें तयार झालेलीं साधनें आज जगांतील कोणासहि विनामूल्य मिळतात. तीच दृष्टि आपण ठेवावी. भीमेचे आंकडे, त्यांमागचीं गृहीतें आणि आलेलीं उत्तरें सोप्या मराठींत भिगवणच्या ग्रामपंचायतींत व पंढरपूरच्या नगरपालिकेंत एकाच दिवशीं लागावींत. वांटणीवर भांडण तेव्हांहि होईल. पण एकाच वहीवर बोट ठेवून भांडणारे भाऊ केव्हांना केव्हां एकत्र बसतात. ज्याच्या त्याच्या बगलेंत निराळी वही असेल, तर तो दिवस उगवणें कठीण.