चार अक्षरे आणि दीर्घ शब्द

(छत्रीबाग, इंदूर येथे मराठी भाषक शिक्षक, पालक व ग्रामस्थ यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



इंदूर शहरात कान्ह नदीच्या काठी वसलेली छत्रीबाग होळकर घराण्यातील व्यक्तींच्या स्मरणार्थ उभारलेल्या छत्र्यांमुळे सर्वपरिचित आहे. या नगरीत मराठी भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली असून १९१७, १९३५ व २००१ या वर्षी मराठी साहित्य संमेलने येथे भरली. येथील मराठी मुलाच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी असते. पहिल्या दोन भाषांची लिपी एकच आहे, तिसरीची निराळी. महाराष्ट्रातही सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. त्यामुळे लांबलचक इंग्रजी शब्द पाहताच मुलाच्या मनात बसणारी धास्ती हा प्रश्न शहराचा तसाच खेड्याचाही आहे. या धास्तीपोटी मूल शब्द पाठ करते, परीक्षेपुरता तो लक्षात ठेवते आणि पुढे विसरते. कित्येकांची विद्येची वाट या एका विषयापाशी अडते.

यावर एक अल्पखर्चाचा उपाय आहे. त्याला पाटी, खडू आणि एक शब्दकोश एवढेच साहित्य लागते. काही अक्षरे ठरवावयाची आणि ती सर्व ज्यात येतात असा जास्तीत जास्त लांब इंग्रजी शब्द शोधावयाचा. अक्षरे कोणत्याही क्रमाने आली तरी चालतात. त्यांच्या जोडीला इतर अक्षरे कितीही असावीत.

उदाहरण छत्रीबागेचेच घेता येईल. मराठी शब्दकोड्यात हे नाव चार चौकटींत मावते : छ, त्री, बा, ग. इंग्रजीत तेच रूढ पद्धतीने लिहिल्यास अकरा अक्षरे लागतात. त्यातील 'बाग' एवढाच भाग घेतला तर बी, ए, जी, एच ही चार अक्षरे मिळतात. ही चारही ज्यात आहेत असे दीर्घ शब्द कसे सापडतील?

प्रथम एक अडचण लक्षात घेणे अगत्याचे आहे. शब्दकोशाची रचना पहिल्या अक्षरावरून केलेली असते. शब्दाच्या पोटात कोणती अक्षरे आहेत हे त्या रचनेवरून कळत नाही. सबब कोशाची पाने उलटण्यापूर्वी विचार करणे भाग पडते. या विचाराच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी म्हणजे दुर्मिळ अक्षरापासून आरंभ करणे. इंग्रजीत सर्व अक्षरे सारख्या प्रमाणात येत नाहीत. तारेच्या मोर्स लिपीत वारंवार लागणाऱ्या 'ई'ला केवळ एक टिंब दिलेले आहे, तर क्वचित येणाऱ्या 'क्यू'ला चार खुणा लागतात. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु त्या लिपीमागील हिशेब आजही खरा आहे. स्क्रॅबल या खेळातील शंभर सोंगट्यांतही 'ई'च्या बारा व 'ए'च्या नऊ आहेत; उलट 'जी'च्या तीन आणि 'बी' व 'एच' यांच्या प्रत्येकी दोनच. यास्तव 'ए'ची चिंता प्रथम करू नये. ते बहुधा आपोआप येते. बी, जी, एच यांची जागा आधी शोधावी.

दुसरी पायरी म्हणजे अक्षरांचे नेहमीचे गट ओळखणे. 'जी' हे अक्षर पुष्कळदा क्रियापदाच्या शेवटी आय, एन, जी अशा गटात येते. त्यावरून 'श्वासोच्छ्वास' या अर्थाचा 'ब्रीदिंग' हा नऊ अक्षरी शब्द हाती लागतो. जी आणि एच शेजारी येण्याचीही इंग्रजीत रीत आहे. त्यावरून 'ब्रेकथ्रू' हा बारा अक्षरी शब्द मिळतो. या शब्दाच्या शेवटी जी व एच लिहिले जातात, परंतु उच्चारले जात नाहीत. देवनागरीत वाढलेले मूल बहुतांशी ऐकू येते तेच लिहिते. इंग्रजीत कानाच्या जोडीला डोळ्याचेही साहाय्य घ्यावे लागते, हा धडा अशा एका शब्दाने पक्का होतो.

तिसरी पायरी म्हणजे अर्थपूर्ण घटक जोडून शब्द वाढविणे. जी, आर, ए, पी, एच या पाच अक्षरांच्या 'ग्राफ' या घटकाचा अर्थ लेखन. त्याआधी जीवन या अर्थाचा 'बायो' आला की 'बायोग्राफी' म्हणजे चरित्र, नऊ अक्षरे. त्याआधी स्वतः या अर्थाचा 'ऑटो' लागला की 'ऑटोबायोग्राफी' म्हणजे आत्मचरित्र, तेरा अक्षरे. पुढे विशेषण करून 'ऑटोबायोग्राफिकल' म्हटले की सोळा अक्षरे होतात. हा शब्द एकदम फळ्यावर लिहिला तर वर्ग बिचकेल. तोच पायरी पायरीने चढविला तर पाठ करावयास फारसे काही उरत नाही. मराठीतही 'आत्म' आणि 'चरित्र' असेच जोडले गेले आहेत. जमीनदार, ठाणेदार, बागायतदार हे शब्द ज्याच्या नित्य कानी पडतात, त्या शेतकऱ्याच्या मुलाला शब्दाच्या शेपटीची ही रीत नवी नाही. ती इंग्रजीतही आहे, एवढेच त्याला दाखवून द्यावयाचे असते.

चौथी पायरी पडताळ्याची. तर्काने मिळालेला शब्द कोशात पाहिल्यावाचून स्वीकारू नये. इंग्रजीत आरंभीचा 'इन' पुष्कळदा नकार दर्शवितो. तेवढ्यावरून पेट्रोलच्या टँकरवर लिहिलेल्या 'इन्फ्लेमेबल' या शब्दाचा अर्थ 'पेट न घेणारे' असा कोणी केला तर प्राणावर बेतेल. त्याचा खरा अर्थ 'चटकन पेट घेणारे' असा आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरील व औषधाच्या वेष्टनावरील शब्दांनाही हाच नियम लावावा. घटकांवरून अंदाज बांधता येतो. निर्णय मात्र कोशाने द्यावयाचा.

आज संगणक हे काम क्षणार्धात करतो. सव्वीस अक्षरांच्या सव्वीस चौकटी मानून प्रत्येक शब्दात कोणते अक्षर आहे व कोणते नाही हे तो तपासतो आणि यादी पुढे ठेवतो. पडताळ्यासाठी तिचा अवश्य उपयोग करावा. परंतु आयत्या यादीत 'ऑटोबायोग्राफिकल' हा अनेकांतील एक शब्द असतो. स्वतः घटक जोडलेल्या मुलाला त्यातील प्रत्येक भाग ओळखीचा असतो, आणि ते भाग त्याला पुढे शेकडो शब्दांत पुन्हा भेटतात.

शिक्षकांनी आठवड्यातून एकदा तासातील दहा मिनिटे या उपक्रमास द्यावीत. अक्षरे आपल्याच गावाच्या नावातून घ्यावीत. लांब शब्दाबरोबरच तो कसा सापडला हे मुलाकडून वदवून घ्यावे आणि चुकलेल्या तर्काला हसू नये. इंग्रजी न जाणणाऱ्या पालकांनीही घरी मुलाला एवढेच विचारावे, 'आजच्या शब्दाचे तुकडे कोणते?' मूल ते तुकडे सांगू लागले की शब्दाची धास्ती सरली असे समजावे.